खिडकीजवळची जागा

परदेशच्या प्रवासाची आखणी आमच्याकडे एकट्यादुकट्याची नसते. ती सबंध घराची असते. विमानानें जाऊन विमानानें परत यावयाचें, एवढाच बेत असता तर तो एका संध्याकाळींच संपला असता. परंतु प्रवास आगगाडीचा, वाटेंत देशांच्या सीमा, आणि मध्यें शहरांतून मुक्काम असें ठरलें, म्हणजे नकाशा, पैसा, प्रकृति, पथ्यपाणी आणि माणसांचे स्वभाव हीं सारीं एकदम पुढें येऊन उभीं राहतात. गेले दोन महिने आमच्या घरीं हेंच चाललें आहे.

आमच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना घरांत आम्ही सारीं 'वहिनी' म्हणतों, त्यांची कन्या सहा वर्षें बुडापेस्ट येथें राहते. वहिनींचें वय सदुसष्ट. चाळीस वर्षें त्यांनी हें घर चालविलें. एका वेळीं आठ दिवसांवर त्या घराबाहेर राहिल्याचें कोणास आठवत नाहीं. मोठ्या भावजींना डॉक्टरांनीं लांबचा प्रवास वर्ज्य सांगितला आहे, म्हणून सोबतीस मी. वहिनींची अट एकच होती : उतरावयाचें प्राग येथें, आणि पुढें आगगाडीनें व्हिएन्नावरून लेकीकडे जावयाचें. कारण त्यांनीं सांगितलें नाहीं, व कोणी विचारलेंही नाहीं.

पहिला आराखडा घरांतील तरुण मंडळींनीं केला. नऊ दिवसांत पांच शहरें, त्यांत दोन रात्रींचा प्रवास ! कागदावर तो मोठा देखणा दिसे. वहिनींनीं तो दोनदां वाचला आणि शांतपणें विचारलें, "ह्यांत बाहेर पाहावयाचें केव्हां ? रात्रीं काय दिसणार ?" तेव्हां उलगडा झाला. त्यांना शहरें मोजावयाचीं नव्हतीं. खिडकीजवळ बसून मुलूख पाहावयाचा होता. स्वयंपाकघराच्या एकाच खिडकींतून चाळीस वर्षें बाहेर पाहिलेल्या बाईची ही इच्छा. आराखडा फाडला, आणि नवा मी करावयास घेतला.

प्रागहून व्हिएन्नास सुमारें चार तास लागतात, व तेथून बुडापेस्टला अडीच-पावणेतीन. दोन्ही गाड्या दिवसाच्या घेतल्या. प्राग व व्हिएन्ना येथें तीन-तीन रात्री ठेवल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसानें एक दिवस चालावें व दुसऱ्या दिवशीं विसावा घ्यावा, हा हिशेब त्यामागें आहे. तिकडे पुष्कळ गाड्यांत तिकीट निराळें व जागेचें आरक्षण निराळें असतें. तिकीट हातीं आहे म्हणून बसावयास ठरलेली जागा मिळेलच असें नाहीं. म्हणून चार पैसे अधिक देऊन खिडकीची जागा आधींच राखली. तिकडे ज्याचें सामान त्यानेंच उचलावें लागतें, म्हणून दोघींत दोनच लहान पेट्या.

वेळापत्रक वाचतांना एक गंमत कळली. व्हिएन्नाला तेथील लोक 'वीन' म्हणतात आणि हंगेरीचे लोक 'बेच' म्हणतात. प्रागचे लोक आपल्या गांवास 'प्राहा' म्हणतात. बेळगांव-बेळगावी ठाऊक असणाऱ्या आपल्या लोकांस ह्याचें नवल वाटूं नये; पण फलाटावर ऐन वेळीं गोंधळ नको, म्हणून तिन्ही नांवें एका चिठ्ठीवर लिहून ठेवलीं आहेत. नाणींही तीन : प्रागला कोरुना, व्हिएन्नास युरो, बुडापेस्टला फोरिंट.

परवाना मात्र एकच पुरतो. झेकिया, ऑस्ट्रिया व हंगेरी हे तिन्ही देश शेंगेन करारांत आहेत. जेथें अधिक दिवस राहावयाचें त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावा असा नियम आहे. म्हणून आमचा अर्ज हंगेरीकडे. प्रवासाआधीं सहा महिन्यांपासून तो करतां येतो, व किमान पंधरा दिवस आधीं तरी तो द्यावाच लागतो. तीस हजार युरोंचा आरोग्यविमाही लागतो. आणि गृहिणींस महत्त्वाची गोष्ट : बाहेरून येणाऱ्या उतारूस दुधाचे पदार्थ व मांस तेथें नेतां येत नाहीं. लेकीसाठीं कढविलेलें साजूक तूप, हें ऐकून, वहिनींनीं निमूटपणें फडताळांत परत ठेवलें. भाजणी व मेतकूट मात्र पेटींत गेलें.

सीमेविषयीं सासूबाईंना फार कुतूहल. फाळणी पाहिलेल्या पिढीच्या मनांत सीमा म्हणजे पहारा व तार. आपल्याकडे अटारीहून लाहोरला जाणारी समझौता एक्सप्रेस १९७६ सालीं सुरू झाली, ती २०१९ सालीं बंद पडली. ऑस्ट्रिया आणि हंगेरी ह्यांमध्येंही एके काळीं कांटेरी कुंपण होतें. तें काढावयास हंगेरीनें १९८९ च्या मे महिन्यांत आरंभ केला, आणि २००७ च्या डिसेंबरांत तो देश व झेकिया शेंगेनमध्यें सामील झाल्यावर त्या सीमेवरची नित्याची तपासणी संपली. मध्यंतरीं, २०१५ पासून, कांहीं देशांनीं तात्पुरती तपासणी पुन्हां सुरू केली, म्हणून पारपत्र हाताशीं ठेवावें हें बरें. मीं हें सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कुंपण काढणारीं माणसेंही जगांत असतात तर !"

एवढें सारें जमलें, आणि वहिनीच मागें सरल्या. "ह्यांचें पथ्य कोण पाहील ? सासूबाईंच्या औषधांच्या वेळा कोण सांभाळील ? राहूं दे, लेकच येईल दिवाळीला." चाळीस वर्षांची संवय अशी दाराशीं आडवी येते. आम्हीं पुष्कळ समजाविलें. उपयोग झाला नाहीं. अखेर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनीं त्यांना जवळ बसवून घेतलें. "हें पाहा, माझ्या लेकीला मीं महिनाभर राहावयास बोलाविलें आहे. भाऊचें पथ्य ती पाहील. तो तिचाही भाऊच आहे. तूं जा. तूं गेली नाहींस तर तुझ्या तिकिटावर मी जाईन, आणि मग माझ्या औषधांची काळजी त्या आगगाडीला करावी लागेल." वहिनी हंसल्या, आणि हंसतां हंसतां त्यांनीं डोळ्यांना पदर लावला.

प्रवासाची आखणी म्हणजे गाड्या व मुक्काम जुळविणें, असें आपण समजतों. गाड्यांचें वेळापत्रक छापील मिळतें. माणसाला घरांतून मोकळें करण्याचें वेळापत्रक घरच्यांनींच बसवावें लागतें, आणि तेंच अधिक कठीण. ज्या घरीं अशी एखादी वहिनी असेल, त्यांनीं नकाशा उघडण्यापूर्वीं तिला एवढेंच विचारावें कीं, तुम्हांला काय पाहावयाचें आहे ? उत्तर एखादे वेळीं अगदीं लहान निघतें.

आतां तिकिटें आलीं आहेत, व नणंदबाई पुढच्या आठवड्यांत येत आहेत. औषधांच्या वेळा वहिनींनीं स्वतःच्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावल्या आहेत. काल त्यांनीं मला हळूच विचारलें, गाडी कोणत्या बाजूस तोंड करून जाते ? खिडकी पुढें पाहणारी असेल ना ?