कापडासारखी पिशवी

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि बाजारात त्या रंगीत, कापडासारख्या पिशव्यांचं पेव फुटलं. दिसायला कापड, पण बहुतेक पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच. आज एकीचा कोपरा कापून काडी लावली. सुती चिंधीची भुरभुरीत राख होते. हिचा वितळून कडक गोळा झाला. बंदीला बगल देणं आपल्याला छान जमतं!

नवी सुती पिशवी तरी कशाला घ्यायची? कापसावरही फवारण्या होतातच. त्यापेक्षा आईच्या जुन्या साडीची शिवलेली बरी. ओल्या मेथीची जुडी तिच्यात कोमेजत नाही, घाम धरत नाही. मासळीला मात्र झाकणाचा डबाच न्यावा लागतो. कोळीणमावशी डबा बघून हसते, आणि दोन बोंबील वरून टाकते.