नाव आणि नंबर

परळचं केईएम पेपरात येतं ते बहुतेक दोन कारणांनी. शहरात काहीतरी भयंकर घडलं आणि जखमींना तिकडे हलवलं म्हणून, नाहीतर तिथेच काही बिघडलं म्हणून. एरवी रोज हजारो माणसं केसपेपरच्या रांगेत उभी असतात, त्याची बातमी कशाला होईल?

१९२६ साली सुरू झालेल्या या महापालिकेच्या रुग्णालयाचा विषय निघाला की मला दोन गोष्टी एकदम आठवतात. दोन्ही एकाच इमारतीतल्या, पण एकमेकींशी जुळता जुळत नाहीत.

पहिली अरुणा शानबागची. ती तिथलीच नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयाच्याच आवारात एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला ती जाईपर्यंत, केईएमच्या नर्सेसनी तिला भरवलं, न्हाऊमाखू घातलं. तिला दुसरीकडे हलवून खाट मोकळी करायचा घाट पालिकेने घातला, तेव्हा याच बायका विरोधाला उभ्या राहिल्या. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही तिला बेडसोअर झाला नाही, हे सुप्रीम कोर्टानेही नोंदवलं. २०११ च्या त्या निकालात दयामरणाची मागणी फेटाळताना कोर्टाने सांगितलं, तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. म्हणजे रुग्णालयच तिचं नातेवाईक ठरलं!

दुसरी गोष्ट २९ सप्टेंबर २०१७ ची. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. केईएममध्ये मृतांच्या कपाळावर नंबर लिहिले आणि ते फोटो बोर्डावर लावले. लोक संतापले. नातेवाईकांना ओळख पटवणं सोपं जावं म्हणून असं केलं, असं रुग्णालयाचं म्हणणं. कारण खोटं नसेलही. पण त्या गर्दीत आपलं माणूस शोधणाऱ्याला काय वाटलं असेल...

एवढ्या मोठ्या ठिकाणी नंबर लागणारच, असं म्हणून आपण मोकळे होतो. अरुणा त्यांच्यातलीच होती म्हणून जपली, असंही कुणी म्हणेल. पण तिच्या मैत्रिणी तर कधीच निवृत्त झाल्या होत्या. शेवटी तिचं करणाऱ्या कितीतरी मुलींचा १९७३ मध्ये जन्मही झाला नव्हता. त्यांच्यासाठी ती एक अनोळखी पेशंटच की! तरीही त्यांनी तिला नावानेच हाक मारली.