शिंक आणि डुलकी

शिंक आली म्हणजे मनुष्याचे पांडित्य, हुद्दा आणि वय ही तिन्ही क्षणभर बाजूस राहतात. पावसाळा सरत आला आणि सोलापूरच्या मोकळ्या जागांत गाजरगवत पांढऱ्या फुलांनी डवरले की, आमची सकाळ वीस-पंचवीस शिंकांनी उजाडते. इतरांच्या कार्यात माशी शिंकते. आमच्या घरी प्रोफेसरच शिंकतात!

दोन वर्षांमागे अशाच दिवसांत आमच्या तासाला एक विद्यार्थी मागल्या बाकावर पेंगताना दिसला. ‘झोपायचेच असेल तर घरी अंथरूण आहे ना?’ असे आम्ही खोचकपणे विचारले. वर्ग हसला. ‘चुकलं, सर,’ एवढेच म्हणून तो खाली बसला. तो रात्रपाळीला यंत्रमागावर टॉवेल विणतो, तेथील तंतूंच्या धुळीने शिंकांनी बेजार होतो आणि त्यासाठी एक स्वस्त जुनी गोळी घेतो, हे आम्हांस पुढे शिपायाकडून कळले.

योगायोग असा की, महिन्याभराने त्याच जातीची गोळी घेऊन आम्ही प्राध्यापकांच्या सभेस गेलो आणि भर सभेत घोरलो. आम्हांस कोणी उठविले नाही. ‘सर थकले असतील,’ असे सगळे म्हणाले. गोळी एकच, पण तिने विद्यार्थी आळशी ठरला आणि आम्ही थकलेले! त्या दिवशी आम्हांस स्वतःची फार लाज वाटली.

वस्तुतः दोष हिस्टामीन नावाच्या द्रव्याचा. नाकात ते शिंका आणते, तर मेंदूत तेच मनुष्याला जागे ठेवते. 1937 साली पॅरिसमध्ये दानिएल बोव्हे यांच्या संशोधनातून त्याला अडविणारी द्रव्ये प्रथम हाती आली. 1957 साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. क्लोरफेनिरामीनसारख्या जुन्या गोळ्या मेंदूतही शिरतात, म्हणून डोळे मिटतात. फेक्सोफेनाडीनसारख्या नव्या गोळ्या तेथे फारशा पोचत नाहीत.

याच नाकाच्या तक्रारीवरील दुसरे औषध नेमके उलट वागते. एफेड्रिन 1885 साली नागाई या जपानी रसायनज्ञाने एका वनस्पतीतून वेगळे केले. त्याने चोंदलेले नाक आणि श्वासनलिका मोकळ्या होतात. पण छाती धडधडते आणि झोप उडते. त्याला पर्याय शोधता शोधता गॉर्डन अ‍ॅलेस यांनी अमेरिकेत अ‍ॅम्फेटामीनचे गुण ओळखले, आणि मनुष्याला जागरणाचे व्यसन लावणारी गोळी जगात आली. हा सारा इतिहास आपल्यापासून दूर नाही. 2016 सालच्या एप्रिलात ठाण्याच्या पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून एफेड्रिनचा कित्येक टन साठा जप्त केला. दम्याच्या रोग्याला श्वास देणारे द्रव्य नशेच्या बाजारात कसे मोलाचे ठरते, हे तेव्हा गावाने वर्तमानपत्रांत वाचले.

त्या विद्यार्थ्याला आम्ही घरी चहाला बोलावले आणि झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, ‘सर, गोळीची गुंगी जावी म्हणून मी चार-चार कप चहा पितो. आता परीक्षेसाठी एक मित्र जागरणाची गोळी आणून देतो म्हणतोय. घेऊ का?’

आमच्या अंगावर काटा आला. एका गोळीने आलेली झोप दुसऱ्या गोळीने घालवायची, आणि मध्ये हे विशीतले काळीज! ‘मुळीच नाही,’ असे सांगून आम्ही त्याला आमच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जुनी गोळी बंद करून नवी दिली आणि कामावर असताना नाकातोंडावर फडके बांधण्यास बजावले.

गोळी बदलता आली. रात्रपाळी मात्र आम्हांस बदलता आली नाही. त्यामुळे तो अजूनही कधीकधी पेंगतो. आम्ही आवाज जरा खाली आणतो आणि व्याख्यान पुढे चालवितो.