पॅरिश : दस्तऐवजात उरलेले गाव

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू ब्रन्सविक प्रांतात जमिनीच्या जुन्या-नव्या कागदपत्रांवर काउंटीच्या नावासोबत ‘पॅरिश’चे नावही आढळते. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या अखत्यारीतील परिसर; परंतु या प्रांतात हा शब्द मुलकी विभागासाठी रूढ झाला. किंग्स काउंटीतील किंग्स्टन ही अशीच एक ग्रामीण पॅरिश होय. गावाचा खर्च कोणी सोसावा आणि त्याचा निर्णय कोणी घ्यावा, या प्रश्नाचा दोन शतकांचा इतिहास तिच्यात पाहावयास मिळतो.

किंग्स्टन एका लांबट द्वीपकल्पावर वसले आहे. एका अंगास सेंट जॉन नदी, दुसऱ्या अंगास केनेबेकॅसिस नदी आणि उत्तरेस सेंट जॉन नदीचाच रुंद फाटा असलेला बेलआइल उपसागर. सेंट जॉन हे बंदराचे शहर जवळ असूनही मध्ये पाणी आडवे येते. त्यामुळे पाण्याखालील पोलादी दोराच्या आधारे चालणाऱ्या तरी हा येथील दळणवळणाचा कणा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम पिट या स्थानिक रहिवाशाने अशी तर येथे सुरू केली. आज या तरी प्रांत सरकार चालवते आणि प्रवाशांकडून भाडे घेतले जात नाही. वसंत ऋतूत बर्फ वितळले की नदी फुगते. 2018 व 2019 या लागोपाठच्या वर्षी आलेल्या महापुरांनी नदीकाठच्या वस्त्यांना मोठा तडाखा दिला.

ही नदी मूळची वोलास्तोकी लोकांची. अमेरिकन राज्यक्रांतीनंतर, 1783 मध्ये, ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेली निर्वासित कुटुंबे येथे उतरली. पुढच्याच वर्षी न्यू ब्रन्सविक हा स्वतंत्र प्रांत झाला आणि 1786 मध्ये कायद्याने पॅरिशची रचना झाली. रस्त्यांची देखभाल करणारे, गरिबांची व्यवस्था पाहणारे, शेतांच्या कुंपणांची तपासणी करणारे असे अधिकारी प्रत्येक पॅरिशसाठी नेमले जात. नेमणूक मात्र काउंटीचे न्यायाधिकारी करीत, गावकरी नव्हे. 1877 च्या कायद्याने सर्व काउंट्यांना निवडून आलेल्या परिषदा मिळाल्या व पॅरिशचे प्रतिनिधी तेथे बसू लागले.

परंतु प्रत्येक काउंटीने आपल्याच करातून शाळा व दवाखाने चालवायचे म्हटल्यावर श्रीमंत आणि गरीब काउंट्यांतील अंतर वाढत गेले. गरीब भागात कराचा दर जास्त आणि शाळा मात्र निकृष्ट, अशी विपरीत स्थिती झाली. प्रीमियर लुई रोबिशो यांच्या प्रांतिक सरकारने 1967 मध्ये काउंटी परिषदा रद्द करून शिक्षण, आरोग्य, न्याय व समाजकल्याण यांचा भार स्वतःकडे घेतला. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते. मात्र त्याबरोबर ग्रामीण पॅरिशचा स्थानिक आवाजही गेला. तेथे ‘स्थानिक सेवा जिल्हे’ निर्माण झाले. सल्लागार समिती असली तरी ती सल्लाच देई. अंदाजपत्रक व कराचा दर राजधानी फ्रेडरिक्टन येथील मंत्र्यांच्या हाती राहिला. प्रांतातील सुमारे 30 टक्के लोक कर भरीत होते, पण त्यांना निवडून दिलेली स्थानिक परिषद नव्हती.

1 जानेवारी 2023 रोजी मोठी पुनर्रचना झाली. 340 स्थानिक घटकांच्या जागी 77 स्थानिक शासने व 12 ग्रामीण जिल्हे आले. अनेक खेड्यांना प्रथमच महापौर व परिषद निवडता आली. ग्रामीण जिल्ह्यांत सल्लागार समिती निवडली जाते, परंतु अंतिम अधिकार मंत्र्यांचाच आहे. लहान घटक एकत्र केल्याने अग्निशमन, कचरा, नियोजन यांचा खर्च वाटला जातो, हे खरे. परंतु परिषदेचे कार्यालय दूरच्या गावी गेले, तर आपल्या वस्तीचा विचार कोण करणार, ही रहिवाशांची शंकाही निराधार नाही.

कोणत्याही सामाईक पेढीत वर्गणी देणाऱ्यास हिशेब पाहण्याचा आणि मत देण्याचा हक्क असावा लागतो. 1967 ने वर्गणीचा भार न्याय्य केला, 2023 ने मताचा हक्क काही अंशी परत दिला. ग्रामीण जिल्ह्यांच्या बाबतीत तो व्यवहार अजून पुरा व्हायचा आहे. किंग्स्टन पॅरिशला आज स्वतःचा कारभार नाही. मात्र जमिनीच्या दस्तऐवजात आणि जनगणनेच्या तक्त्यात तिचे नाव टिकून आहे.