जुनी मोटार आणि एक रबरी नळी



पिकावर कीड पडण्याआधी काय करावे, हे मी तुम्हाला गेली पंचवीस-तीस वर्षे सांगत आलो. पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करा, बांध स्वच्छ ठेवा, कामगंध सापळे वेळेवर लावा. पण लोकांना सांगणारा माणूस स्वतःच्या दारात किती गाफील असतो, याची गोष्ट आज सांगणार आहे. ती माझीच आहे, म्हणून कोणाला राग येण्याचे कारण नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकत असताना वसतिगृहातल्या माझ्या खोलीत भिंतीवर एका मोटारीचे चित्र चिकटवलेले होते. दोन दारांची, बुटकी, धावण्यासाठीच जन्मलेली गाडी. खिशात सायकलच्या पंक्चरला पैसे नसत, पण चित्र होते. पुढे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची तशी दोन दारांची लहान गाडी तयार झाली. तिची बातमी वाचून मी पुन्हा बेचैन झालो होतो. पण नोकरी, बहिणींची लग्ने, मुलांची शिक्षणे यांत ते सगळे मागे पडले.

मुले मार्गी लागल्यावर एके दिवशी सौ.ला म्हणालो, "आता एक जुनी गाडी घ्यावी म्हणतो."

ती म्हणाली, "घ्या. पण जिचा भाग धारूर-आंबेजोगाईला मिळत नाही, ती दारात आणू नका. म्हैस घेतानासुद्धा वैरण कुठली, ते आधी बघतो आपण."

बोलणे खरे होते. दोन दारांची हौस बाजूला ठेवली आणि लातूरच्या एका निवृत्त मास्तरांकडून प्रीमिअर पद्मिनी घेतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी. आपण तिला फियाटच म्हणत आलो. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. मुंबईच्या रस्त्यावरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. पण जुन्या मिस्त्रींचे हात अजून तिला विसरलेले नाहीत. एका चांगल्या बैलजोडीच्या किमतीत ती माझ्या दारात आली.

घेताना मात्र मी बैलबाजारासारखीच पारख केली. तुम्हीही जुने वाहन घ्याल तेव्हा एवढे पाहा. इंजिन थंड असतानाच चालू करून बघा. आधीच तापवून ठेवले असेल तर काहीतरी झाकायचे आहे असे समजा. निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट चिकटा बराच असेल तर आत पाणी शिरत असण्याची शंका घ्या. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेने फिरवा; जिथे ते धरत नाही, तिथे पत्रा गंजून लांबी भरलेली असते. चेसिसचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. तो भरला आहे का ते विचारा. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत आणि नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३० सह्यांसह हातात घेतल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका.

एवढी पारख करून मी गाडी आणली, आणि मग गाफील झालो. रविवारी धुवायची, पुसायची, लोकांना दाखवायची. एकदा धुताना बॉनेट उघडले तेव्हा रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला क्लिपेजवळ फुगवटा दिसला. दाबून पाहिले, तर पिकल्या उंबरासारखी मऊ लागली. 'पुढच्या खेपेला आंबेजोगाईला गेलो की आणू' असे म्हणून बॉनेट लावले. त्यानंतर मी दोनदा आंबेजोगाईला जाऊन आलो. नळी आणली नाही.

दसरा होऊन गेला होता. आमचे गाव धारूर घाटाच्या पायथ्याशी. रात्री दहाच्या सुमारास शेजारचा गडी धावत आला. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेला होता, त्याच्या पायाला साप चावला होता. कोणीतरी दोरीने पाय आवळून बांधत होते, ते मी थांबवले. पाय हलू न देता त्याला झोपवला. कुणी १०८ ला फोन लावत होते. मी म्हणालो, "गाडी दारात असताना वाट कशाला पाहायची? चला."

हे वाक्य माझे होते, ते मी विसरलेलो नाही.

घाट चढू लागलो. खालच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत होते. अर्ध्या चढावर काटा लाल रेघेकडे सरकला आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. काचेवर वाफ आली. पुढचे काही दिसेना. गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला. बॅटरीच्या उजेडात पाहिले, ती नळीच होती. त्या फुगवट्यावरच उभी फाटलेली. मागच्या सीटवर पोराचे डोके बापाच्या मांडीवर होते. पोर म्हणत होते, "आबा, डोळे मिटायलेत."

बापाने मला एवढेच विचारले, "सायेब, आता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

देवाच्या दयेने दहा-बारा मिनिटांत खालून दिवे दिसले. ऊसतोडीला निघालेल्या लोकांचा ट्रक होता. भांडीकुंडी, कोयते, झोपलेली लेकरे, सगळा संसार वर चढवलेला. ड्रायव्हरने एक शब्द न बोलता केबिन रिकामे केले. बायका लेकरांसह मागे सरकल्या. पोराला केबिनमध्ये आडवे घेतले, बाप बसला. निघताना ड्रायव्हरने माझ्या बॉनेटमध्ये डोकावले आणि म्हणाला, "नळी गेली व्हय? आमी दोन जवळ ठेवताव, सायेब. पर तुमच्या गाडीला आमची बसायची नाही." मागून एक म्हातारी म्हणाली, "आडात उतरायच्या आधी दोर बगावा, बाबा."

ट्रक गेला. मी त्या घाटात गाडीपाशी पहाटेपर्यंत बसून होतो. रात्रीत तीच दहा-बारा मिनिटे मी कितीदा मोजली असतील.

मुलगा वाचला. धारूरला लस सुरू झाली, पुढे आंबेजोगाईला त्याला हलवले, आठवड्याने तो घरी आला. त्याच्या बापाने मला कधी बोल लावला नाही. उलट पुढच्या हुरड्याला पहिली कणसे माझ्याकडे आणून दिली. बोल लावला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून मी एक वही केली. ती बॉनेटजवळ खिळ्याला टांगलेली असते. तीत जे लिहिले आहे ते ट्रॅक्टरला, मोटारसायकलला, जीपला थोड्या फरकाने लागू आहे.

रोज सकाळी गाडीखाली रात्री ठेवलेला पुठ्ठा पाहायचा. काळा डाग ऑइलचा, हिरवट किंवा तांबूस पाण्याचा. चाकाजवळ तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळते आहे असे समजून गाडी हलवायची नाही. ऑइलची पट्टी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना पाहायची. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही.

महिन्यातून एकदा प्रत्येक रबरी नळी बोटांनी दाबायची. मऊ, फुगलेली, चिरलेली दिसली की त्याच दिवशी बदलायची. पंख्याचा पट्टा मधोमध दाबून ढिला झाला आहे का, चिरला आहे का, ते पाहायचे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड; चहाच्या पातेल्यात बसते तशी खार रेडिएटरमध्ये बसते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घालायचे. ऑइल तीन-चार हजार किलोमीटरला, कमी फिरली तरी वर्षातून एकदा बदलायचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्यावरून टायरचे वय कळते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसाचे असले तरी जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या नव्या जातीच्या बसवून घ्यायच्या.

दोन गोष्टी जीवाच्या आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. आणि काढलेले काळे ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. ब्रेकचे काम मात्र मी घरी करत नाही, ते मिस्त्रीच्याच हातून.

या सगळ्याला रविवारचा एक तास लागतो. आता सौ.च वही उघडते आणि विचारते, "नळ्या दाबल्यात का?" तो सोळा वर्षांचा मुलगाही कधी कधी येतो, पाने हातात देतो. त्याच्या घोट्यावर काळा डाग राहिला आहे. वाकून काम करताना तो माझ्या डोळ्यांसमोर असतो.

मंडळी, हा अंक वाचून खाली ठेवलात की दारातल्या ट्रॅक्टरचे किंवा गाडीचे बॉनेट उघडा आणि एकेक नळी बोटांनी दाबून पाहा. एखादी मऊ लागली, तर पुढच्या खेपेची वाट पाहू नका.