लुगड्याचा कोट

स्टीमपंक हा शब्द आमच्या पिढीच्या कानांना विचित्र वाटेल. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली एका नियतकालिकास लिहिलेल्या पत्रात तो अर्धवट थट्टेने योजिला. वाफेची यंत्रेच पुढेही वाढत गेली असती, विजेने आणि पेट्रोलने त्यांना मागे सारले नसते, तर जग कसे दिसले असते, अशा कल्पनेवर रचलेल्या कादंबऱ्यांना त्यास नाव हवे होते. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स हे या मंडळींचे पूर्वज. चार्ल्स बॅबेजचे अपुरे राहिलेले गणनयंत्र हे जणू कुलदैवत. वाचक नुसते वाचून थांबले नाहीत. पितळी चाके, चामडी पट्टे, उंच टोप्या अशा थाटात ते एकत्र जमू लागले आणि त्यांची एक बिरादरीच झाली.

ती आम्ही पाहिली न्यूझीलंडमधील ओमारू येथे. आमची कन्या तेथून जवळच, ड्युनेडिनला असते. ओमारू हे धान्य आणि गोठविलेल्या मांसाच्या व्यापारावर एके काळी गबर झालेले बंदर. पांढऱ्या चुनखडी दगडाची तेथील गोदामे एखाद्या संस्थानिकाच्या वाड्याला लाजवितील. व्यापार ओसरला, नवे बांधण्यास पैसा उरला नाही, म्हणून जुने टिकले. (अशी उदाहरणे आपल्याकडेही थोडी नाहीत.) तेथील एका जुन्या धान्यकोठारात २०११ पासून स्टीमपंकचे संग्रहालय आहे. दाराशी भंगारातून घडविलेले आगगाडीचे इंजिन. नाणे टाकले की ते धूर आणि ज्वाळा ओकते.

जूनच्या आरंभी तेथे वार्षिक मेळा भरतो. त्यात चहाचे द्वंद्व असते. बिस्किट चहात बुडवायचे, पाच अंक मोजेपर्यंत धरायचे, वर काढायचे. ते न मोडता जो सर्वांत शेवटी तोंडात घालील तो जिंकला. मराठी माणसास हा खेळ शिकवावा लागत नाही.

मात्र साहेबी शिरस्त्राणे घातलेले दोन-तीन गृहस्थ समोर आले, तेव्हा आम्ही अस्वस्थ झालो. आमच्या ग्वाल्हेरीत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. त्या याच जून महिन्यात, १८५८ साली, तेथे पडल्या. आम्ही त्यांतील एकास छेडले. तो म्हणाला, त्या काळाची कारागिरी आम्ही घेतो, त्याचे साम्राज्य घेत नाही. उत्तर प्रांजळ होते. आमचे पूर्ण समाधान झाले नाही. टोपी काही कारागिरी नव्हे. पण जयविलास महालात पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार फिरविणारी चांदीची आगगाडी आम्हीही कौतुकाने दाखवितोच, हेही आठवले.

आमची मुलगी या लोकांत रमते, याचे आम्हांस प्रारंभी वैषम्य वाटे. आमच्या येथील मंडळात ती लहानपणापासून येई आणि मागच्या सतरंजीवर मुकाट बसे. तेथे तिला एकच प्रश्न विचारला जाई : तू कोणाची? उत्तर पणजोबांच्या हुद्द्यापासून सुरू करावे लागे. ओमारूत तिला आडनाव कोणी विचारले नाही. हे तू केलेस काय, कसे केलेस, असे विचारीत लोक तिच्याभोवती जमले. बंद पडलेली घड्याळे उघडून ती दुरुस्त करते, हे आम्हांस तेथे परक्यांकडून कळले.

तिने अंगात घातलेला लांब कोट आजीच्या विरलेल्या चंदेरी लुगड्याचा होता. लुगड्यावर कात्री चालविली म्हणून आमच्या सौभाग्यवती दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या. एका वृद्ध बाईने जरीचा काठ बोटांनी चाचपून विचारले, हे कोण नेसत होते? मग आमची अबोल मुलगी सांगू लागली. शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेस आलेले पूर्वज, चंदेरीचे विणकर, आजीचे लग्न, सारे. ती बाई टोपी काढून ऐकत होती.

इतक्यात सौभाग्यवती पुढे झाल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "लग्नातले नव्हे. पहिल्या मंगळागौरीचे." मंगळागौर म्हणजे काय, हे सांगण्यात मग दोघी मायलेकी गुंतल्या. आम्ही तिघींसाठी चहा आणावयास गेलो.