वळणावर पाय उचलू नये

कोलकात्यातल्या कित्येक घरांत पहिली मोटार आली ती अँबॅसिडर आणि मोटार शिकणंही झालं तिच्यावरच. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणारी ही गाडी स्वभावाने भद्रलोकांसारखी. घाई नाही, आणि रागवायची झालीच तर आधी सूचना देऊन! वळणावर वेग जास्त वाटला की अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. गाडी निमूटपणे ताब्यात येई. ही सवय अंगात मुरते. इंजिन मध्यभागी असलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये मात्र नेमकी हीच सवय जिवावर बेतते.

मध्यभागी इंजिन हा प्रकार तसा अगदीच अनोळखी नाही. मुलांना शाळेत नेणाऱ्या मारुती व्हॅनचं इंजिनही पुढच्या सीटखालीच असे! स्पोर्ट्स कारमध्ये ते सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे बसवतात. त्याने काय होतं? कमरेवर कळशी घेतलेली बाई चटकन वळते, खांद्यावर कावड असलेल्याला वेळ लागतो. वजन मध्यावर आल्याने ही गाडीही चटकन वळते. आणि तितक्याच चटकन गरगरते.

तिची पुढची चाकं हलकी असतात. वळणात वेगाने शिरलं की ती बाहेरच्या बाजूला सरकतात. चालक घाबरून पाय उचलतो. त्याच क्षणी वजन पुढे झुकतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग फिरतो. सावरायला क्षणभरही मिळत नाही.

म्हणून जाणता शिक्षक सुरुवात ब्रेकपासून करतो. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच. वळणात शिरायचं हळू, पाय हलका पण स्थिर. स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मगच अॅक्सिलरेटर दाबायचा. मागचा भाग सुटलाच, तर तो जिकडे जातो तिकडेच स्टिअरिंग वळवायचं आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची. कठड्याकडे पाहणारा कठड्याकडेच जातो! तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बंद करण्याची हौस तर नकोच.

पण हे शिकायचं कुठे? बराकपूरच्या धावपट्टीवरच्या शर्यती इतिहासजमा झाल्या. आता ग्रेटर नोएडा, चेन्नई किंवा कोइमतूरचा ट्रॅक गाठावा लागतो. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ. तरी नेमका तोच वाचवला जातो. त्यापेक्षा रविवारी सकाळी हुगळी ओलांडून महामार्ग गाठणं सोपं वाटतं. जून २०१८ मध्ये अशाच एका रविवारी हावडा जिल्ह्यात डोमजूरजवळ एक फेरारी पुलाच्या कठड्यावर आदळली आणि चालकाचा जीव गेला. त्या गाडीचं इंजिन पुढे होतं, पण कठड्याला त्याचं काय?

पावसाळ्यात तर रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतात आणि ट्रामचे रूळ जिथे उरलेत तिथे चाक साबणावरून गेल्यासारखं घसरतं. मुरलेले मालक अशा दिवशी गाडीवर कव्हर घालतात आणि उरलीसुरली पिवळी टॅक्सी शोधत कोपऱ्यावर उभे राहतात.